पेरुजाचे नऊ फोटो

दारावरचा लाकडी क्रूस दिसला आणि गहिनीनाथ उंबऱ्यातच थबकला.

“भीमा गायकवाडचं घर हेच का?”

“हेच की,” आतून म्हातारी म्हणाली. “पर इथं आमी त्याला आमोस म्हनतो. भीमा त्याच्या आज्याचं नाव. भरतीला त्येच सांगितलं पोरानं. ख्रिस्ती म्हटलं असतं तर मराठ्यांच्या पलटणीत घेतलं असतं व्हय? ये बाबा, उन्हाचा आलास. दया, पानी आन.”

गहिनीनाथ मटकन खाली बसला. तीन वर्षं एका ताटात जेवले दोघं, एका खड्ड्यात झोपले, आणि ह्या लबाडानं एका शब्दानं सांगू नये? असा संताप आला त्याला! पण मेलेल्या माणसावर रागावून करता काय? भीमाच्या बहिणीनं, दयानं आणलेला तांब्या त्यानं घटाघटा रिकामा केला आणि खिशातलं पाकीट काढलं.

“फोटो हायेत मावशी. इटलीत पेरुजा म्हणून शहर हाय, तिथं दहा दिवस मुक्काम हुता. भीमानं सिगारेटी देऊन एक जुना क्यामेरा घेतला. म्हणायचा, आईला दाखवायचंय समदं.”

नऊ फोटो होते. म्हाताऱ्या मरियाबाईनं एकेक फोटो डोळ्यांशी नेला. नळावर तांब्याच्या घागरी घेऊन बायांची ही झुंबड. कलिंगडाच्या फोडी मांडून बसलेला गाडीवाला, आणि माश्या हाकलायला त्याच्या हातात कागदाच्या झिरमिळ्या. कुठल्याशा इमारतीच्या पायऱ्यांवर तोंडावर टोपी घेऊन पडलेले म्हातारे. बोळात या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत वाळत घातलेली धुणी. कारंज्यात पाय सोडून बसलेल्या दोन पोरी, दात काढून हसणाऱ्या.

“अगंबाई, आपल्यासारखंच की गं समदं! उन्हाळाबी तसाच दिसतोय. पर ह्या बाया काळ्या कपड्यांत का?”

“घरचं मानूस गेलं की तिकडं काळं घालतात.”

“समद्यांचीच गेली?”

“लई गेली, मावशी.”

म्हातारी सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून चाळत म्हणाली, “ह्यात माझा आमोस कुठं हाय?”

“काढणारा त्योच हुता ना. म्हनून कुठंच न्हाई.”

नववा फोटो एका चर्चचा होता. दयानं तो उलटला. मागं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. मिशनच्या शाळेत शिकलेली ती, तिनं वाचून दाखवलं : “आई, हे इथलं चर्च. बाहेरूनच पाहिलं. आत गेलो असतो तर पलटणीत कळलं असतं.”

तो दिवस गहिनीनाथला चांगला आठवत होता. भीमा भर उन्हात त्या दारासमोर तासभर उभा होता आणि हा त्याची टिंगल करत होता, की अरे, नवरी बघायला आलायस का? चल की आता! ते आठवलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“मला येवढंच सांग लेका,” मरियाबाई म्हणाली, “त्याला माती नीट मिळाली ना? ईस्टरला पहाटं समदे आपापल्या मानसाच्या कबरीवर फुलं घेऊन जातात. दोन ईस्टर झाले, मी आपली फाटकापाशी उभी ऱ्हाते. जागा कळली तर त्या दिशेला तोंड करून तरी उभी ऱ्हाईन.”

“आईनं धास्ती घेतलीय दादा,” दया हळूच म्हणाली. “कुणीतरी सांगितलं, लढाईत जाळून टाकतात म्हणून. शेवटच्या दिवशी मेलेल्यांनी कबरीतून उठायचं, तर देह नको का, म्हणते. रात्रंदिवस तेच.”

पाथर्डीकडून गहिनीनाथ आला होता तो हेच अभिमानानं सांगायला, की मावशी, तुमच्या लेकाचं सगळं रीतसर केलं, काही कमी पडू दिलं नाही. फुटक्या घरांची दारं-खिडक्या गोळा करून नदीकाठी सरण रचलं. घरचं कुणी नव्हतं, तेव्हा भावाच्या नात्यानं त्यानंच अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी राख त्यानंच नदीत सोडली, आणि एवढा मोठा गडी ढसाढसा रडला होता. मोटारीत बसल्यापासून हेच शब्द तो मनाशी घोळवत होता. आता त्यातला एकही उपयोगाचा राहिला नव्हता.

म्हातारी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

त्यानं चर्चचा फोटो उचलला आणि भिंतीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“ह्या भिंतीच्या मागं, मावशी. तिथलं दफनस्थान हाय. झाडाखाली जागा मिळाली.”

“क्रूस हाय?”

“हाय.”

“नाव?”

“घातलंय.”

मरियाबाईनं तो फोटो छातीशी धरला आणि पहिल्यांदाच मोकळेपणानं रडली. “बाहेर उभा ऱ्हायला हुता गं माझा पोरगा, दया. बघ, शेवटी आत गेला.” बऱ्याच वेळानं पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, “मूठमाती कुनी दिली?”

“मीच दिली.”

“कंच्या हातानं?”

गहिनीनाथनं उजवा हात पुढं केला. म्हातारीनं तो दोन्ही हातांत धरला, तळव्याचा मुका घेतला, एका डोळ्याला लावला, मग दुसऱ्याला. त्याला हात मागं घेता येईना.

“ये गं दया,” ती म्हणाली, “तूबी लाव डोळ्यांना. ह्या हातानं त्याला माती दिलीय.”