खिशातला कांदा

हाक ऐकून मयुरी वावरातून धावत आली. नवरा ओसरीवर फिटीनं तडफडत होता. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी दिलेला, नव्यानं निघालेला औषधाचा स्प्रे सासरे त्याच्या नाकाशी धरून बसले होते. झाकणसुद्धा काढलं नव्हतं. "केव्हाचा हुंगवून राह्यलो, फरकच नाही याले!" पोराला फिट आली की ते त्याच्या लहानपणापासून फोडलेला कांदाच हुंगवत आले होते. मयुरीनं झाकण काढून नाकपुड्यांत औषध फवारलं, त्याला कुशीवर वळवलं. हळूहळू झटके थांबले. मग भिंतीला टेकत तिनं सासऱ्यांना झाकण काढायचं आणि दाबायचं कसं ते कितव्यांदा तरी दाखवलं. त्यांच्या बंडीच्या खिशातला नेहमीचा कांदा काढून तिथं स्प्रे ठेवला. "आता हाच बाळगा, मामाजी." सासऱ्यांनी खिसा चाचपला नि हात पुढे केला. "कांदाबी राहू दे, माय. पोराले नसंल, मले धीर देल्ला त्यानं."