रिकाम्या हातानं

शहरात नोकरी लागली तशी डॅनानं आपला पाळलेला बोआ साप मूस जॉ या गावी एकट्या राहणाऱ्या बापाच्या, लॉर्नच्या, गळ्यात घातला. पंधरा दिवसांत लॉर्नचा फोन.

"अगं, पेटी उघडली रे उघडली, की तुझं हे ध्यान माझ्या हातावर झेप घेतं!"

"बाबा, दर वेळी तुमच्या हातात उंदीर असतो. मग त्याला तुम्ही म्हणजे नुसतं जेवणच वाटणार ना! अधूनमधून रिकाम्या हातानं उघडत जा. ती लांब आकडी दिलीय, ती आधी हळूच त्याच्या पाठीला लावा. म्हणजे त्याला कळेल, आज जेवण नाही, माणूस आहे."

लॉर्ननं तसंच केलं. महिन्याभरात साप त्याच्या मनगटाला विळखा घालून निवांत बसायला लागला.

रविवारी नेहमीप्रमाणे बापाच्या हातच्या पेरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, भरून न्यायला रिकामे डबे घेऊन डॅना आली. लॉर्ननं दार उघडलं, तर त्याला ओलांडून ती थेट स्वयंपाकघरात. "पेरोगी कुठायत?" तिनं एकेक झाकण उचललं. सगळी पातेली कोरडी ठणठणीत.

इतक्यात तिच्या पाठीला काहीतरी हळूच लागलं. वळून बघते तर आकडी घेऊन बाप उभा.

"आज जेवण नाही, बाळा," लॉर्न म्हणाला. "माणूस आहे."