कवळीचे माप

दंतशिबिराच्या फलकावर ‘प्रत्येक कुटुंबाला हास्य’ असे छापले होते. त्याबरहुकूम कोन गावाजवळच्या कातकरवाडीत दर कुटुंबाला एक कवळी मिळाली.

महिन्याभराने जैतू हिरडीवर जखम घेऊन पनवेलच्या दवाखान्यात आला.

"हिरडी जिवंत असते, जैतूदादा," डॉक्टर रोहिणी म्हणाल्या. "परकी वस्तू ती सोसते, चुकीचं माप सोसत नाही. कवळी टोचतेय तेवढी घासून देते."

मशीन सुरू होताच जैतूने हात आडवा घातला. "घासू नको, बाय. माजं दुखू दे."

"अहो, पण का?"

दाराबाहेर त्याची बायको मंगळी तोंडाला पदर लावून बसली होती. त्याने तिच्याकडे पाहिले.

"माप तिचं हाय. घासलीस तं तिला बसायची नाय, आन तिचं जेवान ऱ्हायलंय अजून."