असली आवाज

जुन्या अमेरिकन मसल गाड्या, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या, कंपन्यांनी पुन्हा बाजारात आणाव्यात की नाही, यावर जरीपटका भागातल्या सुधाकररावांच्या गॅरेजात दर रविवारी दुपारी वाद रंगायचा. तिथं जमणारे हेमंत आणि नरेश म्हणायचे, खुशाल आणा, पण बॅटरीवर आणा. तेवढ्यानंच सुधाकररावांचं डोकं फिरायचं.

"आठ सिलिंडरचं इंजिन काढून घेतलं, तं मागं उरते काय गा? मिक्सर?"

"पण काकाजी, आता तसाच आवाज स्पीकरमधून देऊन राहिले ना," नरेश म्हणाला.

हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. शेजारी आवाजावरून कटकट करायचे, म्हणून त्यांनी आधी शटर पार खालपर्यंत ओढलं. मग इतकी वर्षं खपून उभी केलेली आपली जुनी आठ सिलिंडरची गाडी चालू केली. बंद गॅरेजात तो आवाज असा घुमला की छातीत धडधडलं. धूर कोंडत होता, पण तिकडे लक्ष कोणाचं? स्टिअरिंगवर बसून, एक्सिलरेटर दाबत दाबत, सुधाकरराव असली आणि नकली आवाजातला फरक समजावत राहिले.

डोकं दुखून राहिलं म्हणत हेमंत मागच्या सीटवर आडवा झाला. नरेश काहीतरी बोलायला गेला, पण तसाच भिंतीला टेकून खाली बसला.

"काहून चूप झाले गा दोघंही?"





आज पहिल्यांदाच वाद जिंकल्याच्या समाधानात सुधाकररावांनी सीटवर मान टेकली, आणि त्यांचेही डोळे जड होऊ लागले.