लेप वाळेपर्यंत

गाडी काढायची आहे, असे घड्याळवाला दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हाही मुकादमाने मान वर केली नाही. तो फाटकाशी लाल-पांढरी पट्टी बांधत होता. पट्टीच्या आत व्यापारी संकुलाचे पार्किंग नव्या डांबरी लेपाने काळेभोर चमकत होते. वर्षानुवर्षांच्या भेगा भरल्या होत्या, तेलाचे डाग झाकले गेले होते. फक्त पलीकडचा, दुकानांच्या मागच्या दारांजवळचा कोपरा राहिला होता आणि त्यात एकच गाडी अडकली होती. कोपरा उद्या करणार, अशी सूचना होती, म्हणून घड्याळवाल्याने ती तिथे लावलेली. पण कोपऱ्यातून बाहेर पडायची वाट मुकादमाने आजच उरकून टाकली होती. चूक त्याची होती आणि ते त्याला ठाऊक होते. म्हणूनच तो जरा जास्त ताठ्यात होता.

घड्याळवाल्याने हळू आवाजात सांगितले, की वडिलांचे जास्त झाले आहे. बहिणीचा फोन आला होता, लवकर ये म्हणाली. हॉस्पिटल दुसऱ्या गावाला होते.

मुकादमाने हे फार ऐकले होते. पट्टी बांधली की तासाभरात कोणाचे ना कोणाचे तरी माणूस अत्यवस्थ होते, हा त्याचा अनुभव. मागे एका बाईंच्या आजारी सासूसाठी त्याने पट्टी सोडली, तर सासूबाई गाडीतच बसलेल्या, ठणठणीत, नटूनथटून लग्नाला निघालेल्या. ओला लेप चाकांबरोबर सोलून निघाला आणि ती सगळी बाजू त्याला पुन्हा करावी लागली. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला होता.

"उजाडेपर्यंत चाक टाकायचं नाही," तो म्हणाला. "आणि वडिलांचं म्हणाल, तर आज तुम्ही तिसरे. इथल्या सगळ्यांच्या वडिलांनी मिळून आजचाच दिवस धरलेला दिसतोय."

कामावरची माणसे हसली. घड्याळवालाही हसल्यासारखे करून, बरं, बघतो म्हणाला आणि आपणच त्रास दिल्यासारखा मागे फिरला. पुसलेल्या फरशीवर पाय ठेवण्याआधी विचारून घेणारा माणूस तो. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही खोटे नाही.

सामान आवरून झाले तेव्हा घड्याळवाल्याच्या शेजारच्या दुकानातल्या शिवणकामवाल्या बाईंनी मुकादमाला गाठले. त्या भांडायला आल्या नव्हत्या, नुसतेच सांगत होत्या. घड्याळवाल्याच्या वडिलांचे खरेच शेवटचे चालले होते. त्याची शेवटची बस चुकली होती. टॅक्सीवाले तेवढ्या लांब यायला तयार नव्हते. म्हाताऱ्याने मुलासाठी जीव धरून ठेवलाय, असे बहीण फोनवर सारखी सांगत होती.

नाही म्हटले, ते एक वेळ ठीक होते. पण ती थट्टा कशाला केली? तो धावत दुकानाशी गेला. शटर खाली होते. बाईंनी फोन लावून पाहिला, तो लागेना. गेला असेल काहीतरी सोय करून, असे म्हणून त्या आपल्या वाटेने गेल्या. गाडी मात्र कोपऱ्यात तशीच होती, रिकामी. मुकादमाने फाटकावरची पट्टी एका टोकाने सोडून खाली टाकली. परत आलाच, तर बघेल आणि समजेल. एवढी मनाची समजूत घातली, तेव्हा कुठे त्याचा पाय घराकडे वळला.

घरी घास उतरेना. काम बिघडले का, असे बायकोने विचारले. नाही, फार छान झाले, तो म्हणाला. पुढचे सांगायची त्याला लाज वाटली. आपल्या ओल्या लेपावरून कोणीतरी बेधडक गाडी घालावी, असे त्याला जन्मात पहिल्यांदाच वाटत होते.

सकाळी फाटकातून त्याने पाहिले, तर कोपरा रिकामा होता. कोपऱ्यापासून फाटकापर्यंत लेपावर चाकांचे दोन माग उमटले होते. एरवी त्याने त्या गाडीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आज त्याला भरून आले. पट्टी सोडलेली पाहिली आणि गेला बिचारा. माग नुसता पाहून गाडी कधी गेली ते सांगणारा हा माणूस, पण आज त्याने जवळ जाऊन पाहिले नाही. पाहायची गरजच वाटली नाही.

संकुलाचा मॅनेजर आधीच येऊन थांबला होता, आणि चांगलाच तापला होता. कॅमेऱ्यात सगळे आले आहे, घड्याळवाल्याला दुकान खाली करायला लावतो, म्हणाला. समोरच्या दोन इमारतींचे पार्किंगही मुकादमालाच द्यायचे ठरत होते. असले काम दाखवून आता तिथे तुमचे नाव कोणत्या तोंडाने सुचवू, असेही त्याने सुनावले.

"त्याला काही बोलू नका," मुकादम म्हणाला. "मीच सोडलं त्याला. काल संध्याकाळीच सांगितलं, लेपाचं मी बघतो, तुम्ही आधी निघा."

समोरचे काम गेले, हे त्याला कळत होते. तरी हे बोलल्यावर त्याला इतके हलके वाटले, की आपण खरेच तसे म्हणालो होतो, असे क्षणभर त्यालाही पटले.

मॅनेजर चक्रावला. त्याने आपला मोबाइल मुकादमापुढे धरला. कॅमेऱ्याच्या चित्रात दुकानाच्या मागच्या दारातून आलेला माणूस कोपऱ्यातल्या त्या गाडीत बसलेला होता.

"संध्याकाळीच सांगितलंत?" मॅनेजर म्हणाला. "मग हा रात्रभर गाडीत बसून का राहिला? हे बघा, सारखा उतरतोय, वाकून लेपाला बोट लावतोय आणि परत आत जाऊन बसतोय. निघाला तो उजाडल्यावरच."