दर्यानं परत दिलेला नारळ

नारळी पुनवेला म्हाताऱ्या हिराजी तांडेलानं दर्याला हात जोडले आणि नारळ टाकला. घट्ट पाणी रबरासारखं खाली ताणलं गेलं, मग उसळलं. नारळ पुन्हा त्याच्या पायाशी.

धक्क्यावर त्याची सून चांगुणा लाटा टिपणाऱ्या यंत्रापाशी बसली होती. तिचा नवरा वादळात बुडाला, त्यानंतर लाटा फुटू नयेत म्हणून समुद्रात पाणी घट्ट करणारं रसायन ओतलं गेलं. आता लाट नुसती ताणायची, आकसायची. फुटायची मात्र नाही. ते बघून बघून तिचे डोळे शिणले होते.

"मामा, राहू द्या आता. हे पाणी काही पोटात घेत नाही."

हिराजी नारळ उराशी धरून मटकन खाली बसला.

"माझा पोर असाच परत दिला असता, तर दर्याचं काय बिघडलं असतं गो?"