खाडीच्या मातीचा गणपती

ऋताने गॅरेजमधली बादली उघडली, तर तळाशी नुसतं गढूळ पाणी. फ्रीमाँटजवळच्या खाडीतून आणलेला चिखल गायब.

तो सापडला डायनिंग टेबलावर, पाटावर बसलेला. सोंड डावीकडे, पोट सुटलेलं, डोळे अजून कोरायचे होते.

"आई, ही माती कुठली घेतलीत?"

"नकुल म्हणाला ना, शाडू गॅरेजमध्ये ठेवलाय. जरा वास मारत होता. म्हटलं, अमेरिकेतला शाडू असेल असा!" शैलजाबाई हात पुसत म्हणाल्या. पुण्याहून लेकाकडे, नकुलकडे आल्यापासून सुनेच्या घरात एवढं एकच काम त्यांनी मनासारखं केलं होतं.

ऋताला रडू कोसळायचंच बाकी होतं. त्या चिखलात डायटम होते, म्हणजे काचेच्या कवचात राहणारं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शैवाल. तिचं सगळं संशोधन त्याच्यावर, आणि खाडीत उतरायची परवानगी कालच संपली होती. खऱ्या शाडूचं पाकीट फळीवर न फोडता तसंच होतं.

तिने हे सांगितलं तसा शैलजाबाईंचा चेहरा उतरला. "मग मोड गं तो. उद्या भटजी झूमवर येऊन प्राणप्रतिष्ठा करतील. तोवर मातीच ती. मी दुसरा करते."

"थांबा आई. आधी त्यातलं काही जिवंत उरलंय का ते चेक करू."

तिने ओला, झिरझिरीत कागद गणपतीच्या पोटावर उपरण्यासारखा पसरला आणि पाट खिडकीत उन्हाला सरकवला. "जिवंत असतील तर उजेडासाठी वर चढतील, कागदात येतील."

शैलजाबाई पोळ्या टाकून तिथेच खुर्ची ओढून बसल्या. "आले का गं?" दोनदा विचारून झालं. दुपारचा चहा झाला. मग कागदावर तपकिरी झाक दिसू लागली.

ऋताने कागदाचा तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवला, बघितलं आणि सासूला हाताला धरून ओढलंच.

शैलजाबाईंनी चष्मा कपाळावर सारून डोळा लावला. सोनेरी होड्या, वल्ही नसताना, आपापल्या वाटेने सरकत होत्या. एक दुसरीवर आपटली, थबकली आणि आल्या वाटेने मागे निघाली.

"अगं बाई, चालतायत की!"

"मला एवढे पुरेत, आई. मोडायला नको."

त्यांनी चष्मा खाली ओढून गणपतीकडे बघितलं. मग त्यांनी नकुलला फोन लावला.

"अरे, भटजींना कळव, उद्या बाकीची पूजा तेवढी सांगा म्हणावं. प्राणप्रतिष्ठा झालीय."